जगली आमची

"अक्का, स्वल्प थांबा हं," दामोदर म्हणाला, आणि म्हणताना त्यानं मान वर केली नाही. फासे त्याच्या मुठीत होते आणि नजर आफ्रिकेवर. सत्यवतीअक्का तांदळाचं सूप घेऊन आपल्या दाराच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. दुपारची कॉफी झाली की त्या रोज बाहेरच्या दगडी कट्ट्यावर येऊन बसत आणि दुसऱ्या दिवसाचे तांदूळ निवडत; आजही तशाच आल्या होत्या. त्यांनी कट्ट्याकडे पाहिलं. कट्ट्यावर सतरंजी, सतरंजीवर जगाचा रंगीत नकाशा, नकाशाभोवती चार माणसं, आणि माणसांच्या मागं दामोदरची सायकल, वेताची खुर्ची, पुण्याहून आलेली पत्र्याची ट्रंक, ऊन अडवायला सोडलेली बांबूची चटई. पाय ठेवायला जागा असेल, बसायला नव्हती. "सरी," बरं अशा सुरात अक्का म्हणाल्या आणि सूप कमरेला टेकवून उभ्या राहिल्या. दामोदरनं फासे टाकले.

सुलभाच्या हातातल्या हिरव्या सोंगट्या हातातच राहिल्या. तसं पाहिलं तर घडलं काहीच नव्हतं. एका माणसानं दुसऱ्याला थांबा म्हटलं होतं आणि दुसरं माणूस थांबलं होतं. पण अंधारात पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं तिला झालं. घर अक्कांचं, कट्टा अक्कांचा, आणि 'थांबा' म्हणणारा आपला नवरा, भाडेकरू. आणि तेही कानडीतलं 'स्वल्प' लावून. दोन वर्षांत दामोदरला कानडीतले चारदोन शब्द आले होते, त्यातला एक त्यानं या कामी खर्च केला होता. सुलभा मुळातली चौकस. वडील पुण्यात शाळेत भूगोल शिकवीत. त्यांच्या नकाशांच्या गुंडाळ्यांत ती वाढली, आणि नदी इथंच का वळली, गाव तिथंच का बसलं, असं विचारून विचारून घरच्यांचं डोकं खाई. 'ही सासरी नांदायची नाही, चौकशी करत बसेल,' असं आत्या म्हणे. आत्याचं भाकीत खोटं ठरलं, कारण लग्नानंतर सुलभाचे प्रश्न तोंडाबाहेर पडायचे कमी झाले. आत मात्र ते होते तेवढेच राहिले. आत्ता तिला पडलेला प्रश्न साधा होता. दामोदर थांबा म्हणणारा कधी झाला? एका दिवसात काही कुणी होत नाही. पण सुरुवातीचा असा एखादा दिवस असणारच, तो सापडतो का ते पाहायला ती मनातल्या मनात मागं निघाली, आणि आपली पाळी आलेली तिला कळली नाही. "वहिनी, टाका ना," पद्माकर म्हणाला. तिनं फासे टाकले. काय पडलं ते तिनं पाहिलं नाही. पद्माकरनंच तिच्या दोन सोंगट्या उचलून डब्यात ठेवल्या.

हा खेळ पद्माकरचा. तो दामोदरच्याच सरकारी कारखान्यात इंजिनियर, अजून बिनलग्नाचा, आणि ट्रेनिंगसाठी सहा महिने विलायतेला जाऊन आलेला. येताना त्यानं एक रेनकोट, एक दाढीचं यंत्र आणि हा डबा आणला. रेनकोटाचं कौतुक आठवडाभर टिकलं, खेळाचं वर्ष होत आलं तरी संपेना. डब्यावरचं इंग्रजी नाव कुणी घेत नसे. रविवारची जेवणं झाली की दामोदर म्हणे, चला, जग मांडू. जग मांडायला चौघं लागत. तिसरा प्राणेश, अक्कांचा पुतण्या, बँकेत कारकून. त्याचं घर राजाजीनगरला, पण रविवारी काकूच्या हातचं सार प्यायला तो इकडं येई आणि राहून जाई. तिघं पुरुष आणि चौथी सुलभा, कारण दुसरं कुणी नव्हतं. खेळायचं काय, तर जगाचे तुकडे केलेले, प्रत्येकाकडं आपल्या रंगाची लाकडी फौज, फासे टाकून शेजारच्याचा तुकडा घ्यायचा, आणि घेत घेत बाकीच्या तिघांना जगातून घालवून द्यायचं. पुरुष खेळता खेळता शिकले. नियमांचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला तो फक्त सुलभानं, आणि वाचला म्हणूनच तिचे घोटाळे सुरू झाले.

पहिला घोटाळा नकाशाचा. हिंदुस्थान त्यात पिवळ्या रंगाचा एक तुकडा होता, त्यावर नाव सोडून काही नव्हतं. पुणं नव्हतं, बंगळूर नव्हतं, ते नसायचंच म्हणा. पण गंगाही नव्हती. या जगात नद्याच नव्हत्या. डोंगर नव्हते, पाऊस नव्हता, गहू कुठं आणि भात कुठं याचा पत्ता नव्हता. भूगोलाच्या मास्तरांच्या मुलीला हे जग पाहून आधी हसू आलं आणि मग ती विचारात पडली. इथं देशाला एकच गुण होता: तो कुणाला लागून आहे. बाकी त्याचं काहीही असो. म्हणजे शेजार हीच त्याची सगळी किंमत, आणि शेजारी म्हणूनच त्याच्यावर चालून जायचं. एकदा ती रवा भाजायला चुलीपाशी जाऊन येईपर्यंत हिंदुस्थान दोनदा हातचा गेला आणि एकदा परत आला होता, आणि सांगताना पद्माकर ताटातली भाजी संपल्याच्या सुरात सांगत होता. पद्माकर म्हणजे मागितलं तर अंगातला सदरा काढून देईल असा माणूस. पण खेळाला बसला की तासाभरात त्याचे डोळे बारीक होत आणि तो प्राणेशच्या हातांवर लक्ष ठेवू लागे. खेळात कुणाचं काही चुकत नव्हतं. नियमच असा होता की गप्प बसणाऱ्याचं जात राहतं. सुलभानं ते करून पाहिलं. एक रविवार तिनं कुणावर चाल केली नाही, नुसती आपल्या कोपऱ्यातल्या बेटावर बसून राहिली, तर सगळ्यात जास्त राग तिचाच आला. 'अगं, असं खेळतात का?' दामोदर म्हणाला होता. ते दिवसच तसले होते. रोज वर्तमानपत्रात सरहद्दीचे नकाशे येत, तुटक रेघा आणि बाण काढलेले, आणि चहाच्या टेबलावर माणसं त्या रेघांवर बोट ठेवून भांडत. बेळगाव कुणाचं हा विषय तर या कट्ट्यावर काढायचाच नाही असं न ठरवता ठरलेलं होतं; एकदाच दामोदरनं प्राणेशला चिडवलं होतं की तू मराठी, मग तू कुणाच्या बाजूचा? प्राणेश म्हणाला, मी या सतरंजीच्या बाजूचा की, आणि त्यानं दामोदरचा ब्राझील घेतला.

त्या वेळी सुलभानं विचारलं होतं, समजा, सगळं जग एकाचं झालं, मग पुढं काय? तिघांनी तिच्याकडं असं पाहिलं की जणू जेवून झाल्यावर पुढं काय असं कुणी विचारावं. मग डबा बंद, पद्माकर म्हणाला. आणि खरंच ते तसंच होई. ज्याच्यासाठी सगळी दुपार जीव आटवला ते जग मुठीमुठीनं उचलून डब्यात जाई, लाल, निळे, हिरवे सगळे एकत्र, आणि जिंकलेला माणूस उठून तोंड धुवायला जाई. जिंकलेल्या जगात कुणी एक रविवारसुद्धा राहिलेलं तिनं पाहिलं नाही.

पण खरा घोटाळा एका नियमाचा होता. मुलूख जिंकून फौज पुढं नेताना निदान एक सोंगटी मागं ठेवलीच पाहिजे, असं कागदात लिहिलं होतं. का, असं तिनं विचारलं.

"रिकामा देश असून चालत नाही," दामोदर म्हणाला.

"पण तिथं लोक असतीलच की आधीचे."

"लोक खेळात नाहीत."

हे तो सहज बोलला होता, आणि नियमाच्या दृष्टीनं ते अगदी बरोबर होतं. पण तेव्हापासून सुलभाचा जीव त्या मागं ठेवलेल्या एकट्या सोंगटीत अडकला. फौज पुढं गेली, आता हा दिवसभर करतो काय? पाणी कुणाच्या विहिरीवर भरतो? भाकरी मागायची तर कुठल्या भाषेत? पहिल्यांदा शब्द चुकतो तेव्हा बायका हसतात का त्याला? फौज या वर्षी येत नाही, पुढच्या वर्षी येत नाही. मग कधीतरी तो तलवार आढ्याला खोचून ठेवत असेल, शेजारच्या म्हातारीला लाकडं फोडून देत असेल, म्हातारी त्याला ताक देत असेल. आणि त्याच्या नातवाच्या नातवाला कुणी विचारलं, तुम्ही कुठले, तर तो म्हणत असेल, इथलेच की. ती हे मनात घोळवत असतानाच एकदा प्राणेश आपल्या घराण्याचं सांगत होता. आमचे पूर्वज तीनशे वर्षांमागं फौजेबरोबर आले, तो म्हणाला. फौज गेली, आम्ही राहिलो. सुलभानं दचकून त्याच्याकडं पाहिलं. सोंगटीच बोलावी तसं तिला वाटलं. अक्कांची ती कानडी घोळलेली मराठी, ते 'सरी' आणि 'स्वल्प', पुण्याहून आलेल्यांना ज्याची गंमत वाटे, ते त्या मागं राहिलेल्यानं ताक पिता पिता शिकलेलं होतं. मग आपण कोण, तिला वाटलं. आपल्यालाही एका कारखान्यानं इथं आणून ठेवलं आहे. पण आपल्याला अजून ताक कुणाकडून घ्यायचं ते कळलेलं नाही.

हे तितकंसं खरं नव्हतं. ताक अक्कांनी पहिल्याच दिवशी दिलं होतं. आणि पहिल्या दिवसापर्यंत मागं आल्यावर सुलभाला थांबणं भाग होतं, कारण त्या दिवसाकडं ती सहसा जात नसे. दामोदर आधी इथं बंगळूरला पद्माकरबरोबर खोली घेऊन राहत होता. सुलभा बाळंतपणाला पुण्याला माहेरी गेलेली. मुलगी झाली, आणि बारशाच्या आत गेली. नाव ठेवायलाही ती थांबली नाही. दामोदर तार मिळून गाडीत बसून पुण्याला पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यानं तिला पाहिलीच नाही. पाहिली नाही म्हणून की काय, तो तिच्याबद्दल कधी बोलला नाही. मल्लेश्वरममधलं हे घर शोधून त्यानं सुलभाला आणली, आणि अक्का त्यांना घर दाखवू लागल्या. अक्कांच्या यजमानांना, हणमंतरावांना, जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते, एवढ्या मोठ्या घरात एकट्या बाईला भीती वाटे, म्हणून अर्धं घर द्यायचं ठरवलेलं. अक्का सावकाश दाखवत होत्या. या दोन खोल्या तुमच्या. स्वैपाकघर तुमचं. मागची न्हाणी तुमची. मग बाहेर येऊन, दोन्ही दारांच्या पुढं उभ्या राहून, हात फिरवून त्या म्हणाल्या, जगली आमची.

सुलभाच्या अंगावर काटा आला. आमची जगली, असं ही अनोळखी बाई आपल्याला सांगते आहे. हिला कसं कळलं? ज जरा वेगळा लागला खरा, जगातल्या ज-सारखा. पण इकडच्या मराठीत दोन्ही ज एकच असतील, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. म्हणजे हिलाही मुलगी होती, तीही मरणाच्या दारी गेली होती, आणि हिची जगली. त्या बोलण्यात बढाई नव्हती, दिलासा होता, असं सुलभाला वाटलं. महिनाभर ती त्या मुलीची वाट पाहत राहिली. दिवाळीला येईल, नागपंचमीला येईल. एकदा संपिगे रोडवरून अक्कांसारख्याच चेहऱ्याची एक बाई येताना दिसली तर ती उगाच तिच्या मागं चार घरं चालत गेली. शेवटी एका रविवारी कट्ट्यावर सगळे बसले असताना तिच्यानं राहवलं नाही. अक्का, तुमची मुलगी कुठं असते, तिनं विचारलं. अक्का म्हणाल्या, आम्हाला पोर नाही गं. मग तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात ना, जगली आमची म्हणून? क्षणभर कुणाला काही कळलं नाही, आणि मग प्राणेश इतका हसला की त्याच्या हातातली कॉफी सांडली. वहिनी, जगली म्हणजे हे, त्यानं दगडावर थाप मारून सांगितलं. आपण बसलोय ती. कानडीत ओसरीला जगली म्हणतात.

दामोदरही हसला. आमच्या घरी नुसतं ऐकण्यात ध चा मा होतो, म्हणाला, आणि पुढं ती गोष्ट कारखान्याच्या बसमध्ये, कँटीनमध्ये, पुण्याला गेल्यावर मामांकडं, अशी सगळीकडं सांगत सुटला. सांगायचा छान. घरात जगली म्हणजे ओटी आणि आमची बायको महिनाभर ओटी दिवाळीला येण्याची वाट बघतेय. लोक पोट धरून हसत. बायकोनं तो शब्द तसा का ऐकला, एवढं मात्र तो गोष्टीतून वगळत असे. सुलभाला त्याचा राग येई, आणि तो राग तिनं पुष्कळ दिवस जपून ठेवला. आत्ता, सोंगट्या हातात घेऊन बसली असताना, तिला प्रथमच शंका आली की तेवढा भाग गाळल्याशिवाय त्याला तो शब्द तोंडातून काढताच येत नसेल.

पण त्या रविवारी एक माणूस हसलं नव्हतं. अक्कांनी सुलभाच्या तोंडाकडं एकदा पाहिलं होतं आणि त्या उठून आत गेल्या होत्या. त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्यांनी एकच केलं, आणि ते इतकं हळू केलं की सुलभाच्या ध्यानात यायला कितीतरी दिवस लागले: त्यांनी तो शब्द सोडला. 'ये की, ज—' म्हणून त्या अडखळत आणि म्हणत, 'ये की, बाहेर बसू.' ओटी म्हणायची त्यांना सवय नव्हती, ओसरी त्यांच्या जिभेला बसत नसे. मग त्या 'दगडावर' म्हणत, 'दारापुढं' म्हणत, कधी नुसता हात करत. मोलकरणीला सांगतानासुद्धा, सुलभा जवळपास असली तर, त्या झाडून घे म्हणत, काय ते म्हणत नसत. तीनशे वर्षं घरात नांदलेला शब्द त्या बाईनं दुसऱ्याच्या मुलीसाठी घराबाहेर ठेवला होता.

आणि सायकल कधी आली? तिथंच तर. सुलभाच्या मनात ती गोष्ट अशी अचानक सांधली गेली की तिनं मान वर करून सायकलकडं पाहिलं. पहिल्या महिन्यात दामोदर सायकल मागच्या अंगणात लावी, कारण जगली आमची असं सांगितलेलं होतं. तो शब्द बंद झाल्यावर एका पावसाच्या दिवशी सायकल इथं आली. अक्का काही म्हणाल्या नाहीत. काय म्हणणार? 'जगली आमची' एवढंच म्हणायचं होतं, आणि तेच त्यांना म्हणायचं नव्हतं. मग खुर्ची आली. मग ट्रंक. मग उन्हाची चटई. दर वेळी अक्कांची बसायची जागा हातभर सरके. मधल्या खांबापासून कडेच्या खांबापर्यंत, तिथून आपल्या दाराच्या बाजूला, मग पायरीवर. प्रत्येक ठिकाणी दामोदरनं एक वस्तू मागं ठेवली होती. चटई बांधली त्या दिवशी पद्माकर म्हणाला होता, काय दामोदरपंत, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी? आणि दामोदर हसत म्हणाला होता, "दिलीय कुठं? घेतोय." तो काही दुष्ट माणूस नव्हता. अक्कांना ताप आला तेव्हा रात्री डॉक्टरांना तोच घेऊन आला, त्यांच्या नळाची दुरुस्ती तोच करी. त्याला फक्त जागा हवी होती. पुढं लागेल, तो म्हणे. कशाला लागेल, ते म्हणत नसे. एक खोली काढू, जाळी लावू, दार करू, असं तो कागदावर काढून दाखवी, आणि काढताना त्याचा चेहरा इतका उजळे की सुलभाला पुढं बोलवत नसे. कायदा त्यानं कुणाला तरी विचारून ठेवला होता: ज्याचा ताबा, त्याला सहसा कुणी हलवत नाही. अक्का गप्प म्हणजे अक्कांची हरकत नाही, असं तो मनापासून समजत होता. आज दुपारी सुतार माप घ्यायला येणार होता. दार एकदा लागलं की अक्का आपल्या घराच्या पुढच्या बाजूला कधी बसू शकणार नव्हत्या. हे सुलभाला आठ दिवसांपासून माहीत होतं, आणि आठ दिवस ती आज सांगू, उद्या सांगू करत होती. आता कळत होतं की सांगायला लागणारा शब्द तिच्याचपाशी अडकून पडला होता. ज्या दिवसाचा शोध घ्यायला ती निघाली होती तो दामोदरचा दिवस नव्हताच. तो तिचा होता.

अक्का अजून उभ्याच होत्या. आता त्या तांदळातले खडे उभ्या उभ्याच वेचू लागल्या होत्या, बोटानं एकेक बाजूला सारत. सतरंजीखाली, बरोबर जिथं जग मांडलेलं होतं तिथं, दगडात चौकाबाऱ्याचा पट कोरलेला होता; पाच पाच घरांच्या पाच ओळी, काही घरांत फुल्या. पुण्याला हाच खेळ सुलभानं चल्लस-आठ म्हणून पाहिला होता. सुरुवातीच्या दिवसांत अक्का तिला दुपारी कवड्या घेऊन बसवत. हा खेळ काही साधुसंतांचा नव्हता. अक्का निर्दयपणे मारत, कवडी उलटी पडली तर बोटानं हळूच सुलटी करत, आणि पकडलं की लहान मुलीसारख्या हसत. यातही सुलभाला एक नियम खटकला होता: निदान एकाला मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. कुणाला न मारता घरी पोचता येत नाही का, तिनं विचारलं होतं. अक्का म्हणाल्या होत्या, "खेळ आहे की गं. इथं मेलेलं परत निघतं." आणि खरंच, मारलेली सोंगटी डब्यात जात नसे, ती आपल्या पहिल्या घरी जाऊन बसे आणि हवी ती कवडी पडली की परत चालू लागे. फुलीच्या घरात तर कुणालाच मारता येत नसे. तिथं दोन वैरी एकमेकांना चिकटून बसत. कुणाचं घर कायमचं कुणाचं होत नसे, सगळे सगळ्यांच्या दारावरून जात. परत निघतं, हे अक्का बोलून गेल्या आणि मग त्यांनी पुढची कवडी टाकली नव्हती. पुढं सतरंजी आली आणि तो पट खाली गेला.

"वहिनी, तुमचं एकच बेट राहिलं," प्राणेश म्हणाला. तो आणि पद्माकर कधीच बाद झाले होते. सगळ्या नकाशावर दामोदरचा लाल रंग पसरला होता, आणि खालच्या कोपऱ्यात सुलभाच्या दोन हिरव्या सोंगट्या. दामोदर खुशीत होता. त्यानं फासे मुठीत खुळखुळवले, आणि तेवढ्यात फाटक वाजलं. सुतार आला होता, कानाला पेन्सिल, हातात मोजपट्टी. त्यानं पायरीखाली चपला काढल्या आणि वर बघून तो जरा घोटाळला. कट्टा एक, दारं दोन, आणि एका दारात सूप घेऊन एक म्हातारी उभी. काम सुरू करण्याआधी त्यानं कानडीत विचारलं, जगली कुणाची?

प्रश्न अवघड नव्हता, दामोदरलाही कळला. हातातले फासे न टाकता, मान किंचित वळवून, त्यानं नेहमीच्या मोकळ्या आवाजात सांगितलं.

"जगली आमची."

सुलभानं ते ऐकलं. दोन वर्षं ज्या माणसानं त्या मुलीचा एक शब्द काढला नव्हता, त्याच्या तोंडून ते आलं होतं. एखाद्या बापानं दवाखान्यातून बाहेर येऊन सांगावं तसं, सहज, आनंदानं. तिला वाटलं, हे खरं असतं तर तो असाच दिसला असता. त्याच्या हनुवटीवर घामाचा एक थेंब होता. तिला त्याचा राग आला नाही, तिला त्याची भयंकर दया आली आणि स्वतःचीही आली, आणि अक्कांच्या सुपातलं बोट थांबलेलं तिला दिसलं.

"आमची नाही जगली," ती म्हणाली.

आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. सुताराला अर्थ कळला नाही. प्राणेशला वाटलं ती ओसरीबद्दल बोलते आहे, आणि ती ओसरीबद्दलही बोलत होती. पण दामोदरची मूठ तशीच हवेत राहिली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि मग ज्या गोष्टीवर तो गावभर लोकांना हसवत आला होता, तिच्यातला गाळलेला भाग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरला.

"ही अक्कांची," सुलभा म्हणाली. "ही जगली अक्कांची आहे. आमची नाही जगली."

पद्माकर उगाच नकाशाची कड सरळ करत राहिला. रस्त्यावरून एक बाई फुलं विकत गेली, तिचा आवाज कोपऱ्यावर वळेपर्यंत ऐकू येत होता. दामोदरनं मूठ खाली घेतली आणि फासे सतरंजीवर ठेवले, टाकले नाहीत. मग तो उठला, सुताराला हातानंच आज नको अशी खूण केली, आणि सायकल खांबापासून सोडवून पायरीवरून खाली उतरवली. ती मागच्या अंगणात नेऊन लावल्याचा आवाज आला. यायला त्याला जरा वेळ लागला. आला तेव्हा त्यानं तोंड धुतलेलं होतं, आणि डोळे लाल होते. सतरंजीचं एक टोक धरून त्यानं जग ओढून बाजूला घेतलं. सोंगट्या एकमेकींत घसरल्या, लाल हिरव्यांत, हिरव्या लालांत, आणि दगडातली फुल्यांची घरं उघडी पडली.

"अक्का, बसा," तो म्हणाला.

अक्का सावकाश आल्या आणि मधल्या खांबाला टेकून, आपल्या जुन्या जागी बसल्या. त्यांनी सूप मांडीवर घेतलं. मग हात लांब करून त्यांनी सुलभाला जवळ ओढलं आणि सुपाची एक बाजू तिच्या मांडीवर टेकवली.

"किती धूळ साठलीय बघ की," अक्का म्हणाल्या. "उद्या जगली धुऊन काढू गं, दोघी मिळून."